ट्रॅपिस्ट म्हणजे बिअर की ग्रह? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सात ग्रह असलेल्या ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्याचं नाव खरंच बिअरवरून ठेवलंय, की ही व्हॉट्सअ‍ॅपवरची थाप आहे?

थाप नाही. मात्र ताऱ्याआधी दुर्बिणीचं बारसं झालं. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या खगोलशास्त्रज्ञांनी 2010 साली चिलीतल्या ला सिला वेधशाळेत 60 सेंटिमीटर आरशाची एक दुर्बीण बसवली. ती चालवायची मात्र लिएजमध्ये बसून. तिचं कागदोपत्री नाव 'ट्रान्झिटिंग प्लॅनेट्स अँड प्लॅनेटेसिमल्स स्मॉल टेलिस्कोप'. यातली अक्षरं वेचून, थोडी ओढाताण करून 'ट्रॅपिस्ट' जमवलं; हे एका कॅथलिक मठवासी पंथाचं आणि त्याच्या मठांत बनणाऱ्या बिअरचं नाव. योगायोग म्हणून सोडून देण्याची सोयच नाही, कारण युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या त्या वेळच्या प्रसिद्धिपत्रकातच कारण छापलंय: ट्रॅपिस्ट बिअर जगभर प्रसिद्ध आहे, त्यातली बहुतेक बेल्जियमची आहे, नावावरून प्रकल्प कुठला ते कळावं, शिवाय आमच्या मंडळींना ती मनापासून आवडते. सरकारी कागदावर इतका प्रांजळपणा क्वचितच दिसतो.

पुढे या दुर्बिणीने स्वतः ग्रह शोधून काढलेला पहिला तारा, म्हणून तो ट्रॅपिस्ट-1. त्याआधी तो 1999 सालीच एका अवरक्त (इन्फ्रारेड) सर्वेक्षणात सापडला होता आणि आकाशातल्या त्याच्या जागेचे आकडे हेच त्याचं नाव होतं. ते कुणाच्या तोंडी बसणं शक्य नव्हतं.

म्हणजे ग्रह मठातल्या साधूंनी शोधले?

नाही, हा गैरसमज मात्र खूप ठिकाणी वाचलाय. शोध लावणारे मिखाएल गिलॉन आणि त्यांचे सहकारी विद्यापीठातले पगारी शास्त्रज्ञ आहेत. धर्मगुरू आणि खगोलशास्त्र असा बेल्जियन धागा हवाच असेल तर जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल वाचा. बेल्जियममधल्या लूव्हां विद्यापीठातल्या या कॅथलिक धर्मगुरूंनी विश्व प्रसरण पावतंय हे 1927 साली मांडलं. तेही मठवासी नव्हते, आणि बिअरशी त्यांचा संबंध जोडायला मी तरी जाणार नाही.

इतक्या छोट्या दुर्बिणीला जे दिसलं, ते मोठमोठ्या दुर्बिणींना कसं दिसलं नाही?

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर.

ग्रह थेट दिसत नाहीत. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. ती घट मोजायची. शुक्राचं अधिक्रमण 2004 आणि 2012 साली आपण सूर्यावर पाहिलं, तोच हा प्रकार. पण पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश घटतो जेमतेम 0.008 टक्के. जमिनीवरून, हवेच्या थरथरीतून एवढा फरक पकडणं जवळजवळ अशक्य.

म्हणून लिएजच्या लोकांनी तारा बदलला. त्यांनी निवडले अतिशीत बटुतारे. ट्रॅपिस्ट-1 चा व्यास सूर्याच्या 12 टक्के, म्हणजे गुरूपेक्षा थोडासाच मोठा. वस्तुमान सूर्याच्या 9 टक्के. पृष्ठभागाचं तापमान साधारण 2,300 अंश सेल्सिअस. इतक्या लहान चकतीसमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला की प्रकाश घटतो सुमारे 0.7 टक्के, म्हणजे सूर्याच्या बाबतीतल्यापेक्षा ऐंशी-नव्वद पट जास्त. हे 60 सेंटिमीटरच्या आरशाला झेपतं. शिवाय हे ग्रह ताऱ्याला खेटून फिरतात, त्यामुळे अधिक्रमणासाठी वर्षभर ताटकळावं लागत नाही; दीड दिवसात पुन्हा संधी.

मोठ्या दुर्बिणींना हे जमलं नसतं असं नाही. पण त्यांच्यावर एकेक रात्र मिळवायला जगभरातले लोक रांगेत असतात. एका मरतुकड्या दिसणाऱ्या ताऱ्याकडे रात्रीमागून रात्री बघत बसायला आपल्या मालकीची, कुणालाही फारशी नको असलेली दुर्बीण लागते. ती लिएजकडे होती.

सात ग्रह एकदम सापडले का?

नाही, आणि मधला गोंधळ मजेशीर आहे. 2015 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये निरीक्षणं झाली आणि मे 2016 मध्ये तीन ग्रह जाहीर झाले. पहिल्या दोघांचं गणित पक्कं होतं. तिसऱ्याचं काही केल्या जुळेना. त्याचं वर्ष साडेचार दिवसांचं की त्र्याहत्तर दिवसांचं, हेही ठरत नव्हतं. डिसेंबर 2015 मध्ये चिलीतल्याच मोठ्या व्हीएलटी दुर्बिणीने एका रात्री तीन ग्रह एकामागोमाग एक ताऱ्यासमोर आलेले टिपले होते, तेव्हा प्रकरण वाटतं त्यापेक्षा मोठं आहे हे कळलं. मग नासाच्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने 2016 च्या शरदात सुमारे वीस दिवस जवळजवळ सलग या ताऱ्यावर नजर ठेवली. तो 'तिसरा ग्रह' म्हणजे अनेक ग्रहांच्या सावल्यांची भेसळ निघाली. 22 फेब्रुवारी 2017 रोजी सातही जाहीर झाले. सर्वांत बाहेरच्या ग्रहाचं वर्ष तेवढं राहिलं होतं, ते त्याच वर्षी केप्लर दुर्बिणीच्या नोंदींतून निघालं.

या ग्रहांची नावं काय? एखाद्याला बिअरचं नाव दिलंय का?

अधिकृत नावं नुसती अक्षरं आहेत: बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. बाह्यग्रहांत 'ए' वापरत नाहीत, म्हणून मोजणी 'बी'पासून. 2017 च्या पत्रकार परिषदेत नावांचा विषय निघाला तेव्हा गिलॉन म्हणाले होते की आमच्याकडे भरपूर पर्याय आहेत, सगळे बेल्जियन बिअरशी संबंधित, पण ते अधिकृत होतील असं वाटत नाही. झालेही नाहीत.

2019 साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने प्रत्येक देशाला एकेका ग्रहमालेचं नामकरण करायला दिलं, तेव्हा भारताने आपल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ 'बिभा' नाव दिलं आणि ग्रहाला 'संतमस'. बेल्जियमने निवडली आपल्या दोन प्राचीन जमातींची नावं. तिथेही बिअरची संधी हुकली.

तिथलं एक वर्ष केवढं असतं?

'बी'चं दीड दिवस, 'सी'चं 2.4, 'डी'चं 4, 'ई'चं 6.1, 'एफ'चं 9.2, 'जी'चं 12.4 आणि 'एच'चं जवळपास 19 दिवस. सगळी माला आपल्या बुधाच्या कक्षेत सहज मावेल. सर्वांत बाहेरचा 'एच' ताऱ्यापासून साधारण 90 लाख किलोमीटरवर आहे, बुध सूर्यापासून सुमारे 5.8 कोटी किलोमीटरवर.

त्यांच्या फेऱ्यांचं गणितही जुळलेलं आहे. 'एच'च्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात 'जी'च्या तीन, 'एफ'च्या चार, 'ई'च्या सहा, 'डी'च्या नऊ, 'सी'च्या पंधरा आणि 'बी'च्या चोवीस होतात, अगदी थोडा फरक सोडून. तबलजीला हे आकडे दाखवले तर तो समेवर यायला किती मात्रा लागतील ते बोटांवर मोजू लागेल. या जुळणीमुळे ग्रह एकमेकांना ओढतात, अधिक्रमणाच्या वेळा काही मिनिटांनी मागेपुढे होतात आणि त्यावरून त्यांची वस्तुमानं काढता येतात. सातही ग्रह खडकाळ आहेत हे असंच कळलं.

तिथे जीवसृष्टी आहे का?

माहीत नाही, आणि जो 'दुसरी पृथ्वी सापडली' असं छापतो त्यालाही माहीत नाही.

पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात 'ई', 'एफ' आणि 'जी' येतात. पण हे फक्त ताऱ्याकडून मिळणाऱ्या उष्णतेचं गणित. हवा असेल तर पुढची गोष्ट, आणि हवेबद्दलच्या बातम्या आतापर्यंत फार उत्साहवर्धक नाहीत. जेम्स वेब दुर्बिणीने 2023 मध्ये 'बी'च्या दिवसाच्या बाजूचं तापमान मोजलं, ते सुमारे 230 अंश सेल्सिअस निघालं. म्हणजे उष्णता वाटून घ्यायला तिथे हवाच नसावी. 'सी'वर शुक्रासारखं कार्बन डायऑक्साइडचं जाड आवरण नाही, हे त्याच वर्षी कळलं. 2025 मध्ये 'डी'वरही पृथ्वीसारखी हवा नसल्याचं जाहीर झालं. 'ई'ची पहिली चार अधिक्रमणं त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, पण ताऱ्यावरचे डाग त्या मोजमापात इतकी ढवळाढवळ करतात की हवा आहे किंवा नाही, कुठलाच निकाल देता आलेला नाही.

तारा लहान असला तरी स्वभावाने गरीब नाही. त्यावर वरचेवर भडके उडतात, आणि ग्रह इतके जवळ आहेत की अब्जावधी वर्षांत हवा उडून गेली असणं सहज शक्य आहे. माझी आशा 'ई'वर आहे. पैज मात्र लावणार नाही.

'ई'वर उभं राहिलो तर आकाश कसं दिसेल?

तारा आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल, लालसर आणि मंद, कारण त्याचा बहुतेक प्रकाश अवरक्त आहे. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची दाट शक्यता आहे, त्यामुळे उगवणं-मावळणं नाही. तुम्ही जिथे उभे असाल तिथली वेळ कायमची. शेजारचे ग्रह जवळून जाताना आपल्या चंद्राएवढे किंवा त्याहून मोठे दिसतील.

तिथे जाता येईल का?

अंतर 40 प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे 385 लाख कोटी किलोमीटर. व्हॉयेजरच्या वेगाने निघालात तर सात लाख वर्षं. बेल्जियमला जाणं सोपं.

या शोधात भारताचा काही वाटा आहे?

आहे, आणि तो आपल्या बातम्यांत जवळजवळ आलाच नाही. 2016 च्या पहिल्या शोधनिबंधासाठी लडाखमधल्या हान्लेच्या 2 मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीनेही या ताऱ्याचे वेध घेतले होते. भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे देवेंद्र साहू त्या निबंधाच्या लेखकांपैकी एक आहेत.

लिएज आणि भारत यांचं नातं दुसरीकडेही आहे. नैनितालजवळच्या देवस्थळ इथली 3.6 मीटरची दुर्बीण लिएजच्याच एका कंपनीने घडवली. तिचं उद्घाटन 30 मार्च 2016 रोजी भारत आणि बेल्जियमच्या पंतप्रधानांनी ब्रुसेल्समधून कळ दाबून केलं. ट्रॅपिस्ट-1 ची पहिली बातमी त्यानंतर जेमतेम महिन्याभराने आली. देवस्थळलाच 4 मीटरची, पाऱ्याच्या फिरत्या आरशाची दुर्बीण आहे. त्या प्रकल्पातही लिएज विद्यापीठ अग्रभागी आहे.

महाराष्ट्रातून हा तारा दिसेल का?

डोळ्यांनी नाही, घरगुती दुर्बिणीतूनही नाही. दृश्य प्रकाशात त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितका तारा मंद) जवळपास 19 आहे. पण तो कुठे आहे ते बोट दाखवून सांगता येतं. कुंभ राशीत, शततारका नक्षत्राच्या योगताऱ्यापासून (मुख्य ताऱ्यापासून) साधारण चार अंशांवर. हात लांब करून धरलेल्या तीन बोटांच्या रुंदीपेक्षा थोडं कमी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री साडेदहाच्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेआठच्या सुमारास तो दक्षिणेला चांगला उंच, क्षितिजापासून साधारण 65 अंशांवर असतो. त्या भागात ठळक तारे नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या उजेडात शततारकाही सापडेलच असं नाही. गावाकडे जा.

आता बिअर. ट्रॅपिस्ट म्हणायचं कशाला?

ट्रॅपिस्ट हा कॅथलिक मठवासींचा एक कडक शिस्तीचा पंथ. सतराव्या शतकात नॉर्मंडीतल्या ला त्राप मठात आबे द रान्से यांनी शिस्त आवळली, तिथून हे नाव. संत बेनेडिक्ट यांच्या नियमाप्रमाणे मठवासींनी आपल्या हातच्या कष्टावर जगायचं असतं. त्यातून कुणी चीज केलं, कुणी पाव, कुणी बिअर.

आज 'अस्सल ट्रॅपिस्ट उत्पादन' हा षटकोनी शिक्का मिळवायला तीन अटी आहेत. बिअर मठाच्या आवारात बनली पाहिजे, मठवासींच्या देखरेखीखाली बनली पाहिजे, आणि मठाचा खर्च भागून उरलेला पैसा समाजकार्याला गेला पाहिजे. शिक्का देणारी संघटना 1997 साली स्थापन झाली, कारण मठाशी काडीचा संबंध नसलेले लोक हे नाव बाटलीवर छापू लागले होते.

बेल्जियममध्ये सध्या असे पाच मठ आहेत: वेस्टमाल, वेस्टफ्लेटरेन, शिमे, ऑर्वाल, रॉशफोर. सहावा आखेल होता. तिथले शेवटचे मठवासी निघून गेले आणि 2021 मध्ये शिक्काही गेला. बिअर तीच, भांडी तीच, पण मठवासी नाहीत म्हणून ट्रॅपिस्ट नाही. नियम असाच हवा.

मग लेफ किंवा ग्रिमबर्गन काय आहेत?

त्यांना 'ॲबे बिअर' म्हणतात: मठाच्या नावाने, पण मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यात केलेली. लेफ प्यायला वाईट नाही. बाटलीवरच्या मठाच्या चित्राला फार भुलू नका एवढंच. आणि आपल्याकडच्या मायक्रोब्रुअरीत 'बेल्जियन विट' म्हणून मिळते ती तिसरीच गोष्ट, गव्हाची, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. तिचा ट्रॅपिस्टशी संबंध नाही.

मठवासी स्वतः बिअर करतात का? आणि त्यांचं मौनव्रत असतं ना?

वेस्टफ्लेटरेनला मठवासी स्वतः कामाला असतात. शिमे किंवा ऑर्वालला बहुतेक काम पगारी माणसं करतात, मठाची देखरेख असते. शिमेची बिअर तर मठात तयार होऊन टँकरने काही किलोमीटरवरच्या गावी जाते आणि तिथे बाटलीत भरली जाते. मौनाची शपथ नसते. कमी बोलण्याची सवय असते. जेवणाबरोबर पितात ती बहुधा सौम्य, 5 टक्क्यांच्या आतली. वेस्टमालची 'एक्स्ट्रा' ही तशीच, 4.8 टक्क्यांची.

इतकी कडक कशी असते ही?

जवाच्या माल्टबरोबर बीटची साखर घालतात. यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, म्हणून मद्यांश वाढतो पण बिअर जड होत नाही. नंतर बाटलीत थोडं यीस्ट आणि साखर घालून पुन्हा आंबवतात. इतिहासाचाही हात आहे: 1919 च्या कायद्याने बेल्जियमच्या गुत्त्यांत दारूचे कडक प्रकार विकायला बंदी आली, आणि कडक काहीतरी हवं असणाऱ्या गिऱ्हाइकाला कडक बिअर सापडली.

आकडा लक्षात ठेवा. वेस्टफ्लेटरेन 12 मध्ये मद्यांश 10.2 टक्के. तिची 330 मिलिलिटरची छोटी बाटली म्हणजे आपल्याकडची 5 टक्क्यांची 650 मिलिलिटरची मोठी बाटली, किंबहुना किंचित जास्तच. 'एकच छोटी घेतली' हे वाक्य इथे चालत नाही.

पहिल्यांदा कोणती घ्यावी?

वेस्टमाल ट्रिपेल, 9.5 टक्के. सोनेरी, कोरडी, शेवटी किंचित कडू. जगभर 'ट्रिपेल' म्हणून जे केलं जातं त्याचा हा मूळ नमुना. गडद हवी असेल तर रॉशफोर 8. रॉशफोर 10 मध्ये मद्यांश 11.3 टक्के आहे, तिच्याकडे नंतर वळा. शिमे निळी सर्वांत सहज मिळते आणि मसालेदार मटणापुढेही तग धरते.

पण माझी आवड विचाराल तर ऑर्वाल, 6.2 टक्के. मठ एकच बिअर बाजारात विकतो. तीत नेहमीच्या यीस्टबरोबर ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट असतं आणि ते बाटलीतही काम करत राहतं. ताजी असताना हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडवट-फुलांचा वास पुढे असतो. सहा महिन्यांनी तो मागे सरतो आणि कातड्याचा, गोठ्याचा म्हणावा असा वास येतो. हे ऐकून नाक मुरडू नका. बाटलीवर भरल्याची तारीख असते. मठाशेजारच्या कॅफेत ताजी की मुरलेली असं विचारतात. दोन्ही मागवून शेजारी शेजारी ठेवून प्यावी, हा या देशातला उत्तम खर्च आहे.

वेस्टफ्लेटरेन मिळवणं इतकं अवघड का?

कारण ते जास्त करत नाहीत. 2005 मध्ये एका संकेतस्थळावर लोकांनी ती जगातली सर्वोत्तम ठरवली आणि मठाबाहेर मोटारींच्या रांगा लागल्या. दुसरा कुणी असता तर कारखाना वाढवला असता. मठाने फोनवर वेळ घ्यायची पद्धत आणली, गाडीच्या नंबरावर मर्यादा घातली; 2019 पासून मागणी ऑनलाइन नोंदवता येते. मठाला जेवढा पैसा लागतो तेवढीच बिअर, असा त्यांचा हिशोब. बाटलीवर वर्षानुवर्षं लेबलही नव्हतं. झाकणाचा रंग बघायचा, पिवळं म्हणजे 12. प्यायची असेल तर मठासमोरच्या 'इन दे व्रेडे' कॅफेत जा.

ती जगात सर्वोत्तम आहे का? उत्तम आहे. रॉशफोर 10 तिच्या फार मागे नाही आणि दुकानात मिळते.

प्यायची कशी?

फ्रीजमधून काढून लगेच नाही. 10 ते 14 अंशांवर, रुंद तोंडाच्या पेल्यात. तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून बाटली उभी ठेवा, एका ओघात ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. गाळ अपायकारक नाही. कुणी मुद्दाम पितंही. आणि महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी आहे, हे सांगायला हवं म्हणून सांगतो.

लिएजच्या लोकांचं पुढे काय?

दुसरी ट्रॅपिस्ट दुर्बीण 2016 पासून मोरोक्कोत आहे. त्याशिवाय आणखी बटुतारे धुंडाळणारा मोठा प्रकल्प त्यांनी उभारला, त्याचं नाव 'स्पेक्युलूस': दालचिनी घातलेलं बेल्जियन बिस्किट, आपल्याकडे बिस्कॉफ म्हणून विकतात त्या जातीचं. चिलीतल्या पारानालला त्याच्या 1 मीटरच्या चार दुर्बिणी आहेत. 2024 मध्ये त्यांनी 55 प्रकाशवर्षांवर स्पेक्युलूस-3 बी हा ग्रह जाहीर केला. त्याचं वर्ष 17 तासांचं आहे.

आकाशदर्शन आणि बिअर एकाच रात्री जमेल?

जमेल, पण क्रम पाळा. आधी आकाश. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात 10 टक्क्यांची बिअर पोटात गेली तर शततारका शोधण्याचा नाद सोडा. मुक्काम तिथेच असेल तरच बाटली उघडा. परत गाडी चालवायची असेल तर ती पिशवीतच राहू द्या.